रांग भरली तर बाहेर कोण राहणार?

मराठवाड्यातल्या शेतीपंपाच्या पेटीत आता स्टार्टरच्या शेजारी एक छोटा बोर्ड बसलेला दिसतो. त्यावर प्रोग्राम चालवणारी छोटी चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर, मोबाइल नेटवर्कवरून मेसेज घेणारा-पाठवणारा जीएसएम मॉडेम, फेज आला-गेला सांगणारे तीन ऑप्टोकप्लर, मोटारीचा करंट मोजणारा सीटी आणि कॉन्टॅक्टर ओढणारा रिले. लाईट गेल्याचाही मेसेज पाठवता यावा म्हणून एक छोटी बॅटरी. शेतकरी घरून मेसेज टाकतो, मोटार चालू होते. दिवसातले बहुतेक तास या बोर्डाला काहीच काम नसतं. खरी ओढाताण होते ती लाईट येते तेव्हा. शिवारातल्या सगळ्या ऑटोवरच्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज खाली बसतं, एखादा फेज तीन-चारदा येतो-जातो आणि त्याच वेळी टॉवरही जागा होऊन तुंबलेले मेसेज सोडायला लागतो. आठवडाभर सुरळीत चाललेला प्रोग्राम याच अर्ध्या मिनिटात चुकतो. चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते: इंटरप्ट आणि मुख्य लूप यांच्यामधल्या रांगेत. इंटरप्ट म्हणजे बाहेरून काही आलं की चालू काम थांबवून लगेच धावणारा छोटा कोड, मुख्य लूप म्हणजे एकेक काम उरकत सतत फिरत राहणारा प्रोग्राम.

ही रांग म्हणजे क्यू. एका बाजूने इंटरप्ट माल टाकतो, दुसऱ्या बाजूने लूप उचलतो, आणि जो आधी आला तो आधी निघतो. छोट्या कंट्रोलरवर तिची क्षमता कंपाइल करतानाच ठरवून टाकावी. एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये रॅम अवघी २,०४८ बाइट आहे आणि स्टॅक, ग्लोबल, बफर सगळं तेवढ्यातच बसवायचं असतं. मॅलॉक या फंक्शनने प्रोग्राम चालू असताना लागेल तशी जागा घेत राहिलं तर महिना-दोन महिन्यांनी हीपचे, म्हणजे त्यासाठी ठेवलेल्या मेमरीचे, तुकडे होतात. एकूण जागा शिल्लक दिसते, पण सलग जागा मिळत नाही. बोर्ड मात्र वर्षानुवर्षं बंद न होता चालायचा असतो. ठराविक मापाचा अ‍ॅरे घेतला तर तो मावतो की नाही हे टेबलावरच कळतं, बांधावर नाही.

पण क्षमता ठरवली म्हणजे ती एक दिवस भरणार हेही ठरलं. जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. पूर आल्यावर दरवाजे कुठे काढायचे याचा विचार कुणी सुरू केला नव्हता, तो बांधणीच्या आराखड्यातच होता. क्यूचंही तेच आहे. तिचा आकार नंतर बदलता येतो. भरल्यावर काय टाकून द्यायचं, काय राखायचं आणि कुणाला नकार द्यायचा हे मात्र पहिल्या दिवशी ठरवावं लागतं. बहुतेक कोडमध्ये हा निर्णय कुणी घेतलेलाच नसतो. तो आपोआप झालेला असतो आणि म्हणून चुकीचा असतो.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. अशा चिपांच्या प्रोग्रामिंगसाठी आर्डुइनो हे साधन बरेच जण वापरतात. त्याच्या सीरियल लायब्ररीत या चिपसाठी येणाऱ्या बाइटांचा बफर, म्हणजे माल तात्पुरता ठेवायची रांग, ६४ चा असतो, त्यातले ६३ च वापरता येतात. मॉडेमला ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, जोडलं की प्रत्येक बाइटला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट, एका बाइटला जवळपास १.०४ मिलिसेकंद. आता मॉडेमकडून एक मेसेज वाचायला मागवा. आधी येते शीर्षकाची ओळ: 'सीएमजीआर' हा शब्द, न वाचलेला मेसेज असल्याची खूण, +९१ सकट पाठवणाऱ्याचा नंबर, एक रिकामी जागा, मग तारीख-वेळ. वेळेच्या शेवटी +२२ असतं, कारण मॉडेम वेळेचा फरक पंधरा-पंधरा मिनिटांत मोजतो आणि आपले साडेपाच तास म्हणजे असे २२ भाग. अवतरणचिन्हं, स्वल्पविराम आणि दोन्हीकडची ओळ संपवणारी अक्षरं धरून ही ओळ ६५ बाइटांची होते. शेतकऱ्याचा खरा हुकूम त्यानंतर येतो.

नेमक्या त्याच वेळी तिन्ही फेज आले असं समजा. लूपने तीन नोंदी ईईपीरॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, लिहायला घेतल्या, प्रत्येकी ८ बाइट. या चिपवर एक बाइट लिहायला सुमारे ३.४ मिलिसेकंद लागतात. २४ बाइटांना झाले जवळपास ८० मिलिसेकंद, आणि तेवढा वेळ लूप रांगेकडे फिरकत नाही. ६३ जागा ६६ मिलिसेकंदांतच भरल्या. शीर्षक शेवटच्या अवतरणचिन्हापर्यंत बरोबर मावलं आणि 'मोटर ऑन' हा अख्खा हुकूम बाहेर पडला. लूप परत आला तोवर मॉडेमचं शेवटचं 'ओके' येत होतं, ते आत आलं. प्रोग्रामला काय दिसलं? नंबर ओळखीचा, वेळ बरोबर, शेवटी ओके, फक्त मजकूर रिकामा. प्रोग्राम मेसेज पुसून टाकतो. शेतकरी म्हणतो मेसेज गेला, बोर्डवाला म्हणतो आला नाही, आणि दोघांचंही खरं असतं.

लोक इथे चटकन बफर मोठा करतात. किती मोठा लागेल ते आधी मोजा. शेतकऱ्याने 'चालू' असं देवनागरीत लिहिलं तर मॉडेम तो मजकूर युनिकोडच्या हेक्स आकड्यांत देतो, एका अक्षरखुणेला चार. च, काना, ल, ऊकार अशा चार खुणांचे १६ बाइट झाले. देवनागरी मेसेज ७० खुणांपर्यंत जातो, म्हणजे २८० बाइट. त्यात शीर्षकाचे ६५ आणि शेवटचे दहाएक मिळवले की जवळपास ३५५. दोनच्या घातांकातलं पुढचं माप ५१२. म्हणजे चिपच्या रॅमचा चौथा हिस्सा एकाच रांगेला गेला, आणि त्यातून एक नवी अडचण उभी राहिली, ती पुढे सांगतो.

माझ्या मते आधी लूपचा अडकून राहण्याचा वेळ तोडावा. ईईपीरॉमचा एक बाइट लिहायला सोडून लूपने पुढे जावं आणि पुढच्या फेरीत आधीचं लेखन संपलं असेल तर दुसरा बाइट सोडावा. मग सर्वांत मोठा खोळंबा ८० वरून पाच-सात मिलिसेकंदांवर येतो आणि ६४ ची रांगही पुरून उरते. हिशेब सोपा आहे: लूप जास्तीत जास्त किती वेळ गुंतेल, गुणिले त्या वेळात माल किती वेगाने येईल, आणि वर तेवढीच सूट. सरासरी वेग धरू नका, मॉडेम ओळ सोडतो तेव्हाचा वेग धरा. ११५२०० बॉडवर हेच ६३ बाइट साडेपाच मिलिसेकंदांत भरतात, म्हणून कारण नसताना बॉड वाढवू नये.

एक गळती अशीही आहे, जिथे रांग कितीही मोठी केली तरी उपयोग नाही. डीएचटी २२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर वाचताना बऱ्याच लायब्ऱ्या चार-पाच मिलिसेकंद इंटरप्टच बंद ठेवतात. चिपच्या यूआर्टमध्ये, म्हणजे बाइट घेणाऱ्या-पाठवणाऱ्या भागात, स्वतःची जागा दोन बाइटांची, तिसरा येता येता थांबलेला. ९६०० वर तीन-चार मिलिसेकंदांनंतर बाइट हार्डवेअरमध्येच वाया जातात, रांगेच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. यासाठी यूआर्टच्या स्टेटस रजिस्टरमधला ओव्हररनचा, म्हणजे जागेअभावी बाइट वाया गेल्याचा, बिट दर वेळी पाहा आणि त्याची वेगळी मोजणी ठेवा. दोन्ही गळत्या एकाच आकड्यात मिसळल्या तर भलत्याच ठिकाणी दुरुस्ती सुरू राहते.

आता रांगेच्या आतली रचना. लिहिण्याची जागा दाखवणारा हेड, वाचण्याची जागा दाखवणारा टेल. दोन्ही सारखे असतील तर रांग रिकामी की भरलेली? एक उपाय म्हणजे एक जागा कायम मोकळी ठेवणं. आर्डुइनोच्या ६४ मधून ६३ मिळतात ते यामुळेच. रस्ट या भाषेत काम करणाऱ्यांना हीपलेस या लायब्ररीतल्या (क्रेटमधल्या) एक-लेखक-एक-वाचक रांगेतही हेच दिसेल: १६ लिहिलं तर १५ मावतात. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. हेड आणि टेल कधीच गुंडाळायचे नाहीत, नुसते वाढत जाऊ द्यायचे आणि अ‍ॅरेत जाताना तेवढा मास्क लावायचा, म्हणजे खालचे लागतील तेवढेच बिट घ्यायचे. हेड वजा टेल म्हणजे आतला माल. क्षमता मात्र दोनच्या घातांकात हवी, आणि हेड-टेल या खुणा ८ बिटांच्या असतील तर जास्तीत जास्त १२८. २५६ घेतली तर पूर्ण भरलेली रांग शून्य दाखवते.

या वजाबाकीतच सी भाषेचा एक सापळा आहे. हेड ३ आणि टेल २५३ असताना आत सहा बाइट आहेत. पण सी ही वजाबाकी करण्याआधी दोन्ही ८ बिटांचे आकडे इंट, म्हणजे उणेही धरणारे मोठे पूर्णांक, करून घेते आणि उत्तर येतं उणे २५०. 'शून्यापेक्षा जास्त आहे का' असं विचारलं की नाही, म्हणजे लूपला रांग रिकामी वाटते. '१२८ किंवा जास्त आहे का' तर तेही नाही, म्हणजे इंटरप्ट निर्धास्तपणे जुन्या मालावर नवा लिहीत जातो. दर २५६ बाइटांनी एकदा असं होतं, त्यामुळे टेबलावरच्या दोन-चार छोट्या मेसेजांत ते सापडत नाही. उत्तर पुन्हा ८ बिटांच्या अनसाइन्डमध्ये, म्हणजे उणे न धरणाऱ्या प्रकारात, टाकलं की सहा मिळतात. एवढा एक कास्ट, म्हणजे प्रकार-बदल, पुरतो.

आता ५१२ ची अडचण. ८ बिटांची खूण पुरत नाही म्हणून १६ बिटांची घेतली. एव्हीआर, म्हणजे आपल्या एटीमेगाच्या जातीची चिप, ती दोन हप्त्यांत वाचते. हेड २५५ असताना लूपने खालचा बाइट वाचला, २५५. तेवढ्यात इंटरप्ट आला आणि हेड २५६ झाला. लूपने वरचा बाइट वाचला, १. जोडून झाले ५११. रांगेत नसलेला माल लूप वाचत सुटतो. खुणेपुढे सी मधला व्होलाटाइल हा शब्द लिहिल्याने हे थांबत नाही, ते फक्त मेमरीतून दर वेळी वाचायला लावतं. वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करा, एव्हीआर-लिबसी या सी लायब्ररीमधला अ‍ॅटॉमिक ब्लॉक त्यासाठीच आहे. एसटीएम ३२ सारख्या ३२ बिटांच्या चिपवर नीट अलाइन केलेली खूण एका दमात वाचली जाते, तिथे हा प्रश्न येत नाही.

आणखी दोन नियम सगळ्या चिपांना लागू. हेड फक्त टाकणाऱ्याने बदलावा, टेल फक्त उचलणाऱ्याने. 'आत किती' असा तिसरा सामाईक आकडा ठेवून एकाने वाढवायचा आणि दुसऱ्याने कमी करायचा, असं केलं की कधी ना कधी एक वाढ बुडतेच. आणि आधी माल ठेवायचा, मग हेड पुढे करायचा. हेड व्होलाटाइल आहे पण अ‍ॅरे नाही, तर कंपाइलर हा क्रम उलटा करू शकतो. सी ११ मधले अ‍ॅटॉमिक वापरत असाल तर टाकताना रिलीज, उचलताना अ‍ॅक्वायर. हे दोन शब्द क्रम राखायला लावतात. नसाल तर मध्ये कंपाइलर बॅरियर, म्हणजे क्रम बदलू नको अशी सूचना, घाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रांग भरली, बाहेर कोण राहणार? सगळ्या मालाला एकच उत्तर लागू होत नाही, म्हणून सगळा माल एका रांगेत घालूही नये.

मॉडेमचे बाइट भरून वाहिले तर नवा बाइट टाकून द्यावा, पण तेवढ्यावर थांबू नये. ओळ फुटली असा झेंडा लावावा आणि ओळ संपेपर्यंतचा सगळा माल फेकावा. अर्धवट ओळ ही न आलेल्या ओळीपेक्षा धोक्याची असते. वरच्या उदाहरणात हा झेंडा असता तर प्रोग्रामने मेसेज पुसला नसता, पुन्हा मागवला असता.

करंटच्या मापांचं उलटं आहे. दोन सेकंदांपूर्वीचा करंट कुणाला नको असतो, म्हणून जुना टाकून नवा ठेवावा. पण इथे वरचा नियम मोडतो: जुना टाकायचा म्हणजे टाकणाऱ्यानेच टेल सरकवायचा, आणि त्याच क्षणी उचलणारा त्याच जागेवरून वाचत असेल तर अर्धं जुनं, अर्धं नवं माप हातात येतं. म्हणून अशा रांगेला दोन्हीकडून इंटरप्ट बंद करून हात लावावा. नुसतं ताजं माप हवं असेल तर रांग कशाला, एकच जागा पुरते. फ्रीआरटीओएस या छोट्या चिपांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये (आरटीओएसमध्ये) एक लांबीच्या क्यूवर ओव्हरराइट करण्याची सोय आहे ती याचसाठी.

फेज आला-गेल्याच्या घटना सर्वांत जास्त रांग भरतात. डीपीवरचा फ्यूज ढिला असेल तर एक फेज मिनिटभर तडतडत राहतो आणि प्रत्येक तडतडीला एक नोंद पडत जाते. अशा वेळी १६ ची असो की १६० ची, रांग भरणारच. घटना रांगेत जाण्याआधी गाळा: ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदांची, तेव्हा फेज निदान १०० मिलिसेकंद सलग स्थिर राहिल्याशिवाय नोंद करू नका. त्याही पुढे जाऊन प्रत्येक फेजला एकच खण द्या: आता आहे की नाही, आणि मधल्या काळात किती वेळा बदलला. तीन फेजचे तीन खण, ते कधीच भरून वाहत नाहीत. घटनांचे प्रकार मोजके असतील तर रांगेपेक्षा हेच बरं.

ड्राय रन (पाण्याविना मोटार चालणं) आणि ओव्हरलोड या नोंदी मात्र हरवता कामा नयेत, त्यांच्यावर मोटारीचं वाइंडिंग अवलंबून असतं. १६ खणांच्या रांगेत शेवटचे चार त्यांच्यासाठी राखा. मोकळे खण चारवर आले की साध्या नोंदींना नकार, बिघाडाच्या नोंदींना प्रवेश. आणि मोटार बंद करण्याचं काम रांगेच्या भरवशावर ठेवूच नका. रिले जिथल्या तिथे सोडा, रांगेत फक्त बातमी जाऊ द्या.

हुकुमांच्या रांगेबद्दल मात्र पोटतिडकीने सांगावंसं वाटतं. 'चालू'चा मेसेज संध्याकाळी टाकला, लाईट नव्हती, हुकूम रांगेत पडून राहिला. पाळी रात्रीची, लाईट आली साडेअकराला. तोवर कुणीतरी टॉर्च घेऊन विहिरीत उतरलं असेल, फूट व्हॉल्व्हमधला कचरा काढत असेल. बोर्ड प्रामाणिकपणे जुना हुकूम उचलतो आणि मोटार सुरू करतो. म्हणून प्रत्येक हुकुमाला मुदत हवी. ती रांगेत आल्यापासून मोजू नका, मेसेजच्या शीर्षकातल्या वेळेपासून मोजा, कारण मेसेज आधी नेटवर्कमध्येही तासभर पडलेला असू शकतो. दहा मिनिटांपेक्षा जुना 'चालू' फेकावा आणि तसं उत्तर पाठवावं. 'बंद'ला मुदत नको. तो आला की रांगेतले आधीचे सगळे 'चालू' पुसून टाकावेत. रांग भरली असेल तर नव्या हुकुमाला गप्प बसून गिळू नका, 'पुन्हा पाठवा' असं उत्तर द्या. चार खणांची हुकूम-रांग एका मोटारीला भरपूर झाली.

आरटीओएस वापरणाऱ्यांसाठी थोडंच. फ्रीआरटीओएसचा क्यू मालाची प्रत करून ठेवतो, हे चांगलं आहे. पण लोक प्रत नको म्हणून आत पॉइंटर, म्हणजे मालाचा नुसता पत्ता, टाकतात आणि तो एकाच बफरचा असतो, मग रांगेतल्या चारही मेसेजांत शेवटचाच मजकूर दिसतो. इंटरप्टमधून टाकण्याचं वेगळं फंक्शन कधी थांबत नाही, रांग भरली असेल तर तसं कळवतं, पण ते परतीचं उत्तर कोणी वाचतच नाही. यूआर्टचा एकेक बाइट क्यूमध्ये घालणं महागात पडतं, त्यासाठी आवृत्ती १० पासून स्ट्रीम बफर आहेत. स्ट्रक्चर, म्हणजे एकत्र बांधलेले घटक, टाकत असाल तर ३२ बिटांच्या चिपवर मोठे घटक आधी मांडा: प्रकाराचा १ बाइट, वेळेचे ४, मापाचे २ अशा क्रमाने १२ बाइट जातात, वेळ-माप-प्रकार अशा क्रमाने ८.

लाईट आणि बॅटरी दोन्ही गेल्यावरही नोंदी टिकायच्या असतील तर रांग ईईपीरॉममध्ये न्यावी लागते, आणि तिथे हेड-टेल ठेवता येत नाहीत. एका खणाची ग्वाही १ लाख लेखनांची असते. पाच मिनिटांना एक नोंद म्हणजे दिवसाला २८८. हेड एकाच जागी लिहीत गेलात तर ती जागा ३४७ दिवसांत ग्वाहीबाहेर जाते, नोंदींचे खण मात्र कोरे करकरीत राहतात. त्यापेक्षा १,०२४ बाइटांत ८ बाइटांचे १२८ खण पाडा आणि प्रत्येक नोंदीत चढता क्रमांक व चेकसम (नोंद शाबूत आहे का ते तपासणारा आकडा) ठेवा. बोर्ड सुरू होताना सगळे खण वाचा, जिथे क्रमांकाची साखळी तुटते तिथून पुढे लिहायचं. झीज १२८ ठिकाणी वाटली जाते. लिहिता लिहिता लाईट गेलेला खण चेकसमवर पकडला जातो, तेवढा वगळा.

चाचणीसाठी क्षमता मुद्दाम ४ करा. मोठ्या रांगेत महिन्याने दिसणारी चूक चारच्या रांगेत मिनिटात दिसते. हेड आणि टेल शून्याऐवजी २५० पासून सुरू करा, म्हणजे गुंडाळण्याचा क्षण लगेच येतो. लूपमध्ये २०० मिलिसेकंदांचा मुद्दाम खोळंबा घाला आणि मॉडेमच्या जागी कॉम्प्युटरवरून ३५५ बाइटांचा देवनागरी मेसेज सलग सोडा. प्रत्येक रांगेला दोन आकडे जोडा: आजवरची सर्वांत जास्त भरती, आणि किती वेळा माल टाकावा लागला. दुसरा आकडा २५५ वर थांबू द्या, गुंडाळून शून्य होऊ देऊ नका. हे दोन्ही आकडे रोजच्या मेसेजच्या शेवटी पाठवा. बोर्ड शेतात बसवल्यावर दिवसाची एक पाळी आणि रात्रीची एक पाळी पूर्ण जाऊ द्या. भरती निम्म्याच्या खाली राहिली तर आकार बरोबर. निम्म्याच्या वर गेली तर आधी लूपमधला सर्वांत लांब खोळंबा शोधा: एक मोकळी पिन लूपच्या प्रत्येक फेरीला उलटवा आणि लॉजिक अ‍ॅनालायझरवर तिची सर्वांत रुंद पट्टी पाहा. ती पट्टी तीन ईईपीरॉम नोंदींएवढी भरली, तर दुरुस्ती कुठे करायची ते समोरच आहे.